तासाला तास: नागपूरच्या वस्तीत शेजाऱ्यांची टाइम बँक कशी सुरू करावी

टाइम बँकेचा मूळ नियम अगदी थोडक्यात सांगता येतो. वस्तीतील एखाद्या सभासदासाठी आपण एक तास काम केले की आपल्या खात्यावर एक तास जमा होतो, आणि तो तास त्याच वस्तीतील कोणत्याही सभासदाकडून, आपल्याला हव्या त्या कामासाठी घेता येतो. कूलरची टाकी धुणाऱ्याचा तास आणि बारावीचे गणित शिकवणाऱ्याचा तास वहीत एकाच मापाने लिहिले जातात. ज्याचे काम केले त्यानेच ते फेडावे असे बंधन नसते. साध्या उसनवारीत आणि टाइम बँकेत फरक आहे तो एवढाच, पण त्या एका फरकामुळे वहीची गरज निर्माण होते.

या कल्पनेला बराच इतिहास आहे. जोसाया वॉरन याने १८२७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे श्रमाच्या वेळेवर वस्तूंचे मोल ठरवणारे दुकान चालवून पाहिले. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा या बाईंनी १९७३ मध्ये ओसाका येथे गृहिणींची श्रम-बँक उभी केली, आणि आज ज्या स्वरूपात ही पद्धत जगभर ओळखली जाते त्याचे श्रेय बहुतेक जण एडगर कान या अमेरिकन कायदेतज्ज्ञाला देतात. १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या कान यांना आपण कोणाच्याही उपयोगाचे उरलो नाही ही जाणीव सलू लागली आणि त्यातून ‘टाइम डॉलर’ची कल्पना पुढे आली. विदर्भातील शेतकऱ्याला मात्र यात फारसे नवल वाटणार नाही. घाईच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची सावड आणि एका हाकेसरशी माणसे गोळा करून काम उरकणारी इर्जिक या दोन्ही पद्धती त्याच्या घरच्याच आहेत. गावात हा हिशेब लोकांच्या लक्षात राहत असे. नागपूरच्या एखाद्या ले-आऊटमध्ये अर्धे लोक भाड्याने राहतात, शेजारच्या फ्लॅट स्कीममध्ये दर वर्षी नवी कुटुंबे येतात आणि मुले पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्यामुळे कित्येक घरांत दोनच म्हातारी माणसे उरलेली असतात. तेथे केवळ आठवणीवर भागत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी एक साधे गणित समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे नियम त्यातून येतात. एकाच्या खात्यावर जेवढे तास जमा होतात, तेवढेच तास दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडतात. त्यामुळे सर्व खात्यांची बेरीज नेहमी शून्य असते. याचा अर्थ असा की वस्तीतील प्रत्येक जण जमा बाजूला राहू म्हणेल तर एकाचीही जमा होणार नाही. आणि आपल्याकडे नेमके तेच घडते. “काही लागलं तर सांगा हो” असे म्हणणाऱ्यांची वस्तीत वाण नाही. “मला हे लागतं आहे” असे म्हणणारा शोधावा लागतो. दुसऱ्याच्या उपयोगी पडणे भूषणाचे वाटते आणि काही मागायचे म्हटले की भीड आडवी येते. म्हणून नवी टाइम बँक उभारणाऱ्याचे खरे काम लोकांना द्यायला तयार करणे हे नसून, लोकांना घ्यायला तयार करणे हे आहे. या लेखातील बहुतेक सूचना त्याच दिशेने आहेत.

आधी परिसर आखा

सभासद एकमेकांच्या घरी दहा मिनिटांत पायी जाऊ शकतील एवढाच परिसर घ्यावा. संपूर्ण प्रतापनगर किंवा संपूर्ण मानेवाडा घेण्याचा मोह होईल, तो टाळावा. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना तासाभराच्या कामासाठी कोणी बेसा रोडवरून धरमपेठेत येणार नाही आणि येण्याजाण्यातच तास संपेल. एक ले-आऊट, दोन-तीन लागून असलेल्या स्कीम किंवा महाल-इतवारीसारख्या जुन्या भागात एखादी गल्ली, एवढे पुरेसे आहे. पंधरा ते पंचवीस घरांनी सुरुवात करावी. पंधरापेक्षा कमी घरे असली तर हवे ते कौशल्य सापडत नाही आणि सुरुवातीलाच चाळीसच्या वर गेल्यास लोक एकमेकांना ओळखत नाहीत.

घरे निवडताना एकाच वयाची, एकाच उत्पन्नाची माणसे गोळा होणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. केवळ निवृत्तांची टाइम बँक मे महिन्यात बंद पडते, कारण सर्वांना एकाच वेळी गच्चीवर चढणारा माणूस हवा असतो आणि तो कोणाकडेच नसतो. खोली करून राहणारे विद्यार्थी, पाळीची नोकरी करणारे तरुण, सकाळी दहानंतर मोकळ्या असणाऱ्या गृहिणी, संध्याकाळी ओट्यावर बसणारे आजोबा असे मिश्रण असेल तर एकाची मोकळी वेळ दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी सापडते.

कौशल्यांची नव्हे, गरजांची यादी आधी करा

बहुतेक ठिकाणी पहिल्या बैठकीत कागद फिरवून ‘आपण काय देऊ शकता’ असे विचारले जाते. यादी भरभरून येते: योगासने, इंग्रजी संभाषण, रांगोळी, कविता लेखन. त्यानंतर महिनाभर कोणी कोणाला बोलावत नाही, कारण रांगोळी शिकण्याची गरज त्या घडीला कोणालाच नसते. हा क्रम उलटा करावा. दोन माणसांनी घरोघरी जाऊन गेल्या महिन्यात कोणते काम रखडले, एवढेच विचारावे.

प्रश्न कसा विचारला जातो याला फार महत्त्व आहे. “काकू, काही मदत लागते का?” असे विचारले तर “नाही रे बाबा, सगळं छान आहे” हेच उत्तर येणार. त्याऐवजी “काकू, हल्ली कूलरमध्ये पाणी कोण भरतं?” असे विचारून पाहावे. मग कळते की नळाला पाणी सकाळी येते, पाइप खिडकीपर्यंत पुरत नाही, काका बादलीने भरायचे पण त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून ते बंद आहे, आणि म्हणून दुपारी कूलर कोरडाच चालतो. ही खरी गरज झाली. तसेच “औषधं संपली की कोण आणतं?”, “मोबाइलवर विजेचं बिल तुम्ही भरता की मुलगा तिकडून भरतो?”, “मेडिकलला किंवा मेयोला तपासणीला जायचं असेल तर सोबत कोण येतं?” असे नेमके प्रश्न तयार ठेवावेत. वीस घरे फिरल्यावर कामांची जी यादी हाती येते ती कोणत्याही तयार नमुन्यापेक्षा उपयोगाची असते.

कौशल्ये त्यानंतर विचारावीत, आणि “माझ्याकडे देण्यासारखं काय आहे?” असे म्हणणाऱ्या माणसाकडे थोडा जास्त वेळ बसावे. गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, चीक काढून कुरड्या घालणे हे अनेक आजींना कौशल्य वाटतच नाही. ज्या तरुण सुनेला ते शिकायचे असते तिला ते दुकानात विकत मिळत नाही. साडीला फॉल लावणे, पेटी वाजवणे, कोषागारात अर्ज कसा लिहावा हे ठाऊक असणे, पाळीव कुत्र्याला संध्याकाळी फिरवणे, परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या पाठांतराला नुसते समोर बसणे, हे सर्व यादीत येऊ शकते. व्यावसायिकांना त्यांचा व्यवसायच द्यायला लावू नये. दिवसभर हिशेब तपासून थकलेला सनदी लेखापाल कदाचित मुलांना बुद्धिबळ शिकवायला आनंदाने येईल, आणि त्याच्याकडून फुकट विवरणपत्रे भरून घेण्याची अपेक्षा ठेवली तर दोन महिन्यांत वही सोडून जाईल.

पहिली बैठक

वेगळे सभागृह, फलक आणि पाहुणे यांची काही गरज नाही. जेथे लोक एरवीही जमतात तेथेच विषय काढावा. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू, बगीच्यातील ज्येष्ठ नागरिकांचा सकाळचा कट्टा, बुद्धविहारातील किंवा देवळाच्या सभामंडपातील साप्ताहिक बैठक, ले-आऊटच्या नागरिक मंडळाची सभा, यांपैकी काहीही चालेल. मात्र एकाच ठिकाणी न थांबता निदान दोन वेगळ्या ठिकाणी विषय मांडावा, नाही तर टाइम बँक त्या एका गटाची होऊन बसते. बैठकीत भाषण न करता गोळा केलेल्या गरजांतील चार कामे नाव न घेता वाचून दाखवावीत आणि “हे कोण करेल?” असे विचारावे. दोन कामे त्याच जागी ठरली की उरलेले समजावून सांगावे लागत नाही.

नावाबद्दल एक खबरदारी येथेच सांगतो. बोलताना खुशाल टाइम बँक म्हणावे, परंतु पावतीपुस्तकावर, शिक्क्यावर किंवा फलकावर ‘बँक’ हा शब्द छापू नये. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ७ नुसार बँकिंगचा परवाना नसलेल्या कंपनीला, तसेच व्यवसाय करणाऱ्या संस्थेला किंवा गटाला आपल्या नावात हा शब्द वापरता येत नाही. शेजाऱ्यांची आपापसांतील मदत हा काही व्यवसाय नव्हे, तरीही उगाच शंकेला जागा कशाला ठेवावी? ‘तास मंडळ’, ‘वेळ विनिमय गट’ असे काही नाव घ्यावे. सुरुवातीला नोंदणीचीही गरज नसते. पैशाची वर्गणी गोळा करायची नाही आणि बँकेत खाते उघडायचे नाही, तोवर साध्या वहीवर काम चालते.

हिशेबाचे नियम

नियम एका पानात मावले पाहिजेत. वेळ पाव तासाच्या टप्प्याने मोजावा आणि कोणतेही काम अर्ध्या तासापेक्षा कमी धरू नये, कारण दहा मिनिटांच्या कामासाठीही माणूस हातातले सोडून येतो. परिसर लहान असल्याने जाण्यायेण्याचा वेळ धरू नये. दवाखान्यात किंवा कार्यालयात सोबत जायचे असेल तर घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा वेळ धरावा, त्यात रांगेत बसून राहण्याचा वेळही आला. साहित्याचा खर्च ज्याचे काम त्याने रोखीने द्यावा. दोघांनी मिळून काम केले तर दोघांच्याही खात्यावर पूर्ण वेळ जमा होतो आणि घेणाऱ्याच्या नावे दुप्पट पडतो.

सामूहिक शिकवणीत लोक गोंधळतात, म्हणून तिचा हिशेब उदाहरणासह सांगतो. एका बाईंनी सहा मुलांना तासभर पेटी शिकवली. प्रत्येक मुलाच्या घरच्या खात्यावर पाव तास नावे टाकला तर दीड तास होतो. बाईंच्या खात्यावर एक तास जमा करावा आणि उरलेला अर्धा तास सामायिक खात्यात घालावा.

हे सामायिक खाते सुरुवातीपासूनच असावे. प्रत्येक घराने सभासद होताना वर्षाचे तीन तास या खात्यात द्यावेत, म्हणजे प्रत्येकाचे खाते उणे तीनपासून सुरू होते. चोवीस घरे असतील तर सामायिक खात्यात बहात्तर तास येतात. समन्वयक दोन असले आणि प्रत्येकाला महिन्याला दोन तास धरले तर वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात, आणि अचानक आजारी पडलेल्या किंवा बाळंतपण झालेल्या घरासाठी चोवीस उरतात. या पद्धतीचा हिशेबापलीकडे एक फायदा आहे. सगळेच पहिल्या दिवसापासून देणेकरी असल्याने उणे खात्याची लाज कोणालाच वाटत नाही.

मर्यादा मात्र दोन्ही बाजूंनी हव्यात. उणे दहाच्या खाली खाते जाऊ देऊ नये, हे सर्वांना चटकन पटते. अधिक पंधराच्या वर जाऊ देऊ नये, हे समजावून द्यावे लागते. वॉशिंग्टनमधील कॅपिटल हिल भागात १९७० च्या दशकात सुमारे दीडशे जोडप्यांनी एकमेकांची मुले सांभाळण्यासाठी कूपनांची अशीच व्यवस्था केली होती. पुढे कधी लागतील म्हणून लोक कूपने साठवू लागले आणि खर्च करेनात. एकाने बाहेर जायचे ठरवल्याशिवाय दुसऱ्याला मूल सांभाळण्याचे काम मिळत नसल्याने अख्खा व्यवहार थंडावला. सक्तीचे नियम करून काही साधले नाही, आणि अखेर जास्त कूपने वाटली तेव्हा गाडे सुरळीत झाले. आपल्या वहीत कूपने नसतात, पण साठवण्याची वृत्ती तीच असते. ज्याचे खाते पंधराला टेकले आहे त्याला नवे काम देऊ नये. आधी दोन-तीन तास घ्या, मग द्या, असे स्पष्ट सांगावे. त्याला घ्यायचेच नसतील तर त्याने ते सामायिक खात्यात वळते करावेत किंवा एखाद्या घराच्या नावे करावेत.

तासाचे रुपयांत मोल कधीही करू नये. “माझ्या तासाला बाहेर पाचशे मिळतात” हे वाक्य बैठकीत कोणी तरी म्हणणारच. त्यावर वाद घालत बसू नये. ज्याला आपला तास महाग वाटतो त्याने तो बाहेर विकावा, यात अपमान काहीच नाही.

वही

पहिले सहा महिने कागदाची वहीच बरी. व्हॉट्सॲपचा गट निरोपासाठी ठेवावा, हिशेबासाठी नाही. सणाच्या शुभेच्छांखाली नोंदी गाडल्या जातात. पुढे संगणकावरील साधा तक्ता पुरतो.

वहीतील एक नोंद अशी दिसेल. दिनांक ६ एप्रिल. देणार, खाते क्रमांक ७. घेणार, खाते क्रमांक १२. काम: कूलरची टाकी धुतली, तिन्ही बाजूंचे गवत बदलले, पंप लावून पाहिला. वेळ: दीड तास. साहित्य: गवत, घेणाऱ्याने रोख दिले. दोघांच्या सह्या. या नोंदीपूर्वी खाते ७ अधिक दोनवर होते, ते साडेतीनवर आले. खाते १२ उणे तीनवर होते, ते उणे साडेचारवर गेले. नोंद काम झाल्यावर त्याच दिवशी व्हावी आणि वेळ घेणाऱ्याने सांगावी, देणाऱ्याने नव्हे. संकोची माणूस आपला वेळ नेहमी कमी सांगतो आणि मग वही खोटी पडते. “अहो, कशाला लिहिता, शेजारधर्म आहे” असे म्हणणाऱ्यालाही नम्रपणे सही करायला लावावी. त्याने तास लिहून घेतला नाही तर घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राहते आणि पुढच्या वेळी तो मागत नाही.

महिन्याच्या शेवटी सर्व खात्यांची बेरीज करावी, ती शून्य आली नाही तर चूक शोधावी आणि शिल्लक सर्वांना दिसेल अशी लावावी.

समन्वयक

दोन असावेत, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, कारण काही घरांत दुपारी पुरुषाला जाता येत नाही आणि काही आजोबा आपली अडचण बाईसमोर बोलत नाहीत. त्यांचे काम मागणी आणि माणूस यांची जोडी लावण्याचे आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने चार-पाच फोन करावेत, आणि ज्यांनी महिनाभरात काहीच घेतलेले नाही त्यांना आधी. सहा महिन्यांनी समन्वयक बदलावेत. नाही तर सगळी वस्ती त्याच दोघांच्या तोंडाकडे पाहू लागते.

वहीत न दिसणारी एक गोष्टही त्यांनी पाहिली पाहिजे. काही खात्यांना शिकवणीसाठी, ओझे उचलण्यासाठी बोलावणे येते, पण स्वयंपाकघरातल्या कामासाठी कधीच येत नाही. काही घरे कौशल्य असूनही कोरी राहतात. कोणी कोणाच्या घरचे पाणी प्यावे हा प्रश्न आपण सुधारलो असे म्हणताना मिटलेला असतो आणि प्रत्यक्षात वस्तीत जिवंत असतो. त्यावर बैठकीत व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. समन्वयकाने जोड्या लावताना मुद्दाम त्या घरांना पुढे करावे, आणि नकार देणाऱ्याला कारण विचारावे.

वहीत काय घेऊ नये

घरी धुणेभांडी करणाऱ्या ताई, स्कीमचा चौकीदार, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले भाऊ यांना सभासद अवश्य करावे. त्यांच्या तासाला साहेबाच्या तासाइतकेच मोल देणारी दुसरी वही शहरात बहुधा नसेल. परंतु ज्या कामाचे त्यांना पैसे मिळतात ते काम कधीही तासांवर घेऊ नये. ताई मुलाच्या अभ्यासाचे तास घेतील आणि त्याबदल्यात एखाद्या सभासदाला झाडांची कलमे करायला शिकवतील, हे योग्य. “या महिन्यात पगाराऐवजी तास घ्या” हे कोणत्याही रूपात चालू देऊ नये. हा नियम पहिल्याच पानावर लिहावा.

परवान्याची कामे वहीत बसत नाहीत. कूलरचे गवत बदलणे हे शेजाऱ्याचे काम आहे. कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढून ठेवावा आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या विजेच्या धक्क्याने माणसे दगावतात, त्यामुळे पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे ही अट प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असावी. इंजेक्शन देणे, औषधाचे प्रमाण बदलणे, गॅसच्या जोडणीत हात घालणे, न्यायालयाचे कागद तयार करणे हेही बाहेरच ठेवावे. जो माणूस व्यवसाय म्हणून एखादी सेवा विकतो आणि तीच तासांवरही देऊ इच्छितो, त्याने आपल्या कर सल्लागाराला विचारावे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यात व्यवसायाच्या ओघात केलेला विनिमयही पुरवठ्यात मोडतो.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नसावा. नव्या सभासदाने कोणाच्याही घरी पहिल्यांदा जाताना समन्वयकासोबत जावे. घराची किल्ली, दागिने, रोख रक्कम सांभाळायला देऊ नये. मोबाइलवर बिल भरायला शिकवताना पिन आणि ओटीपी ज्याचा त्यानेच टाकावा आणि त्या वेळी शिकवणाऱ्याने मान वळवावी, अगदी विश्वासाचा माणूस असला तरी. लहान मुलांची शिकवणी दार उघडे ठेवून, शक्यतो बैठकीच्या खोलीत व्हावी. उसने पैसे हा विषय वहीच्या आसपासही फिरकता कामा नये.

वर्षाचा अंदाज

नागपुरात कोणत्या महिन्यात काय लागेल हे बरेचसे ठरलेले आहे, त्यामुळे समन्वयकाला आधीच माणसे हेरून ठेवता येतात. सुरुवात फेब्रुवारीत करणे सोयीचे, कारण दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे शिकवणीच्या आणि मुलांना केंद्रावर सोडण्याच्या मागण्या लगेच येतात आणि वहीची पाने हलू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये कूलर आणि वाळवण एकाच वेळी सुरू होतात. कुरड्यांच्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी, सकाळी सहाला, गच्चीवर चार हात लागतात. एक चीक ढवळायला, एक सोऱ्या धरायला आणि दोन प्लास्टिकवर पटापट घालायला. हे काम शिकवणी म्हणूनही लावता येते. मे महिन्यात दुपारी बारा ते चार कोणालाही बाहेरचे काम देऊ नये. त्या वेळात पाढे, शिवण, जुने फोटो मोबाइलवर चढवून देणे अशी सावलीतली कामे ठेवावीत. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पुस्तकांना कव्हर घालण्यापासून मुलांना बसथांब्यावर नेण्यापर्यंतची कामे येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल रंगवून देणारा हात वस्तीत कोणाकडे आहे हे जुलैतच विचारून ठेवावे.

नोव्हेंबर हा ज्येष्ठांसाठी महत्त्वाचा महिना. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तेव्हा हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. ‘जीवन प्रमाण’ ही ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखूनही हा दाखला काढता येतो, त्यामुळे बोटांचे ठसे पुसट झालेल्या आजोबांना यंत्रावर पुन्हा पुन्हा बोट दाबत बसावे लागत नाही. एखाद्या महाविद्यालयीन सभासदाने दोन रविवार दिले तर ले-आऊटमधील सगळ्यांचे दाखले निघतात. चांगल्या उजेडात खुर्ची मांडावी, चष्मा काढायला सांगावा, आधार क्रमांक आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आधीच हाताशी ठेवावीत.

तंटे, स्थलांतर आणि वाढ

काम नीट झाले नाही अशी तक्रार आली तर तास कापू नयेत. वेळ दिला गेला आहे, तो वहीत राहतो. पुढच्या वेळी दुसरा माणूस द्यावा. एकाच सभासदाबद्दल वारंवार तक्रार येत असेल तर समन्वयकांनी त्याच्याशी एकांतात बोलावे, गटावर लिहू नये.

कोणी नागपूर सोडून गेले आणि त्यांचे तास शिल्लक असतील तर ते सामायिक खात्यात जातात. उणे असतील तर सामायिक खाते ते भरून काढते. सभासदाचे निधन झाल्यास शिल्लक तास घरातील उरलेल्या माणसाच्या नावे करावेत, आणि खाते उणे असल्यास त्याचा शब्दही काढू नये. वर्षाची वही दिवाळीच्या पाडव्याला बंद करून नवी घालावी. उणे किंवा अधिक शिल्लक पुढे ओढावी, मात्र सामायिक खात्याचे तीन तास प्रत्येकाकडून पुन्हा घ्यावेत.

घरांची संख्या चाळीसच्या पुढे गेली की दोन वह्या कराव्यात. दोन्ही वह्यांतील तास सरसकट एकत्र चालू देऊ नयेत, नाही तर पुन्हा अनोळखी माणसांचा जमाव होतो. हुडकेश्वरच्या एका गटाकडे तबला शिकवणारा आहे आणि शेजारच्या गटाकडे नाही, अशा वेळी व्यवहार दोन्हींच्या सामायिक खात्यांतून करावा: शिकणाऱ्याच्या नावे त्याच्या वहीत तास पडतो, शिकवणाऱ्याला त्याच्या वहीतून मिळतो आणि दोन्ही समन्वयक तीन महिन्यांनी बसून आपापसांतील येणेदेणे जुळवतात. हे येणेदेणे वीस तासांच्या पुढे जाऊ लागले तर कमी पडणाऱ्या गटाने आपली गरजांची यादी काढून पुन्हा घरोघर फिरायला सुरुवात करावी.